तिसऱ्या नोटिशीनंतर

सिनेमा कंपनीची तिसरी नोटीस आली, तेव्हा वस्तीला इंटरनेट पुरवणाऱ्या नेटवाल्या ताईंनी कनेक्शनचा नंबर दोनदा ताडून पाहिला. चूक नव्हती. चोरून सिनेमे उतरवून घेणारं ते कनेक्शन कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरांचं होतं.

"पहिल्या दोन नोटिसा तुम्ही नुसत्या फायलीत लावल्यात," ताईंचे वकील म्हणाले. "आता 'मला काय माहीत' म्हणायची सोय उरली नाही. माहीत असून लाइन चालू ठेवलीत, तर कोर्ट तुम्हालाच धरेल. मग चारशे घरांचं नेट बंद."

ताईंनी माणूस पाठवला नाही. स्वतः मास्तरांकडे गेल्या.

मास्तरांनी काहीच लपवलं नाही. कॉम्प्युटरवर एकोणीस जुने सिनेमे होते. त्यांनी एक लावला. "ही तुझी काकू," ते म्हणाले.

पडद्यावर भलतीच नटी होती.

"दिसणार नाही. आवाज तिचा आहे. ज्या नट्यांना भाषा येत नसे, त्यांच्यासाठी ही बोलायची. नाव कधी झळकलं नाही. ती गेली तेव्हा घरात तिच्या आवाजाची साधी टेपसुद्धा नव्हती. दुकानं पालथी घातली. शेवटी हे शिकलो."

ताईंनी तो आवाज थोडा वेळ ऐकला. पण सांगणं भाग होतं. "काका, तुम्ही सिनेमा उतरवता ना, तेव्हा तुमच्या कॉम्प्युटरवरून तो इतरांनाही वाटला जातो. म्हणून सापडलात."

"म्हणजे मी वाटत होतो?" जन्मभर कॉपी करणाऱ्या पोरांचे कान धरलेल्या माणसाचा चेहरा खर्रकन उतरला.

"मी कंपनीला लिहून देते, तुम्ही थांबलात म्हणून."

"आणि त्यांनी नाही मानलं तर? माझ्यापायी बाकीच्यांना त्रास नको. वायर काढ, पोरी."

ताईंनी वायर काढली.

"आहेत ते सिनेमे ठेवू का?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"ते मला विचारू नका, काका."

त्याच संध्याकाळी ताईंनी कंपनीला पत्र धाडलं. लाइन तोडल्याचं कळवून आणि काकूंचं काम सांगून, घरी ऐकण्यापुरत्या प्रती मागितल्या. महिन्याभराने उत्तर आलं: कनेक्शन तोडल्यामुळे प्रकरण मिटवलं आहे. प्रतींबद्दल चकार शब्द नाही.

ताई ते उत्तर घेऊन मास्तरांकडे गेल्या आणि तिथेच टेबलाशी बसून दुसरं पत्र लिहू लागल्या. मास्तर शेजारी उभे राहून तिसऱ्या ओळीतली वेलांटी दुरुस्त करत होते.