रविवारची खूण

रामाजीला कोणी पिणारा म्हटलं तर चालत असे, दारुडा म्हटलेलं चालत नसे.

गोळीबार चौकामागच्या गल्लीतल्या त्याच्या घरी रविवारची दुपार ठरलेली होती. बायकोने, शामलाने, पाट्यावर वाटलेल्या मसाल्याचं सावजी मटण, बाबनराव आणि आणखी दोघे जुने विणकर, आणि प्रत्येकी दोन पेग. तिसरा कोणी मागितला तर रामाजी बाटलीला झाकण लावी आणि ताटं वाढायला सांगे. सत्तरी आली तरी त्यात एका घोटाचाही फरक पडला नव्हता. जेवणं झाली की करवतकाठी लुगड्यांच्या काळातल्या लाल धाग्याचा तुकडा तो बाटलीला, दारूच्या बरोबर पातळीवर बांधी आणि कपाटाला कुलूप लावून चावी करदोट्याला अडकवी. माग विकून वीस वर्षं झाली होती, पण दिवस संपताना कापड कुठवर आलं याची धाग्याने खूण करायची हाताची सवय सुटली नव्हती. मागावरच्या धोट्याचा मार लागून त्याचा उजवा अंगठा वाकडा झाला होता आणि त्यामुळे त्याच्या गाठीचं शेपूट नेहमी डावीकडे वळे. तशी गाठ पेठेत दुसऱ्या कोणाचीही नव्हती.

सुशील हा त्याचा धाकटा भाऊ. तो मात्र दारुडा होता. बायको सोडून गेली, काम गेलं, दोनदा नालीतून उचलून आणावा लागला. चार महिन्यांपूर्वी तो व्यसनमुक्ती केंद्रातून सुटला तेव्हा रामाजीने त्याला घरात घेतला तो एकाच अटीवर. एक थेंब जरी घेतला, तर दार बंद. जरीपटक्यातला एक कापडवाला त्याला पुढच्या महिन्यापासून कामावर ठेवणार होता, तोही रामाजीच्या शब्दावर. हे घर सुटलं तर सुशीलला जगात दुसरं घर नव्हतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. निदान काही दिवस बाटली घरात नको, असं शामला एकदा म्हणाली. त्याच्यापायी मी काहून लपून प्यावं, एवढंच रामाजी म्हणाला आणि विषय संपला.

एकदा जेवताना त्याने भावाला फरक समजावून सांगितला.

"बाटलीले मी बोलावतो. तुले बाटली बोलावते. एवढंच समजून घे."

सुशीलने मान हलवली. पोळीचा तुकडा त्याने रश्श्यात फिरवला.

"मले आता नाही बोलावत, दादा," तो म्हणाला. "केंद्रातही नाही, इथं आल्यावर तर बिलकुलच नाही. इतक्या वर्षांची तलब कुठं गेली, काय माहीत."

त्यानंतरच्या बुधवारी औषधाची चिठ्ठी शोधायला रामाजीने कपाट उघडलं, तर बाटलीतली दारू तीन बोटं खाली गेलेली होती. त्याहून विचित्र असं, की धागाही खाली आला होता. चोराने धागा जिथल्या तिथे ठेवला असता. इथे तो नव्या पातळीवर नीट बांधलेला होता आणि गाठीचं शेपूट डावीकडे होतं. रामाजीने ती गाठ बोटाने चाचपली. पेठेतले लोक म्हणत, की विणकर अंधारातही आपली गाठ ओळखतो, आणि इथे तर भर सकाळचं ऊन होतं.

त्याने सुशीलला हाक मारली, जवळ उभा केला आणि फुंकर मारायला लावली. वास आला नाही. वासाचं काय, वेलदोड्यानेही जातो. सुशीलने शपथ घेतली नाही, रडला नाही, आपले दोन्ही सरळ अंगठे फक्त पुढे केले.

"दादा, ही गाठ माझ्यानं पडते का? पाहा तुम्हीच."

"गाठ मारायले मीच शिकवलं तुले. आजवर इतकं वाकडं केलं, एक शेपूट वाकडं करणं काय भारी आहे?"

सुशील त्याच्याकडे बघत राहिला. त्या नजरेत राग नव्हता. चार महिन्यांपूर्वी घरातली माणसं सुशीलकडे जसं बघत, तसं तो मोठ्या भावाकडे बघत होता. मग त्याने पिशवी भरली. शामला भिंतीला टेकून उभी होती. तिचे ओठ एकदा हलले, पण रामाजीकडे नजर गेली तसे ते मिटले.

पुढच्या बुधवारी धागा पुन्हा खाली आला होता.

घरात तो आणि शामला, दोघंच. त्याने बाटली बदलली, धागा बदलला. शुक्रवारी धागा तळाशी होता. कोणाला बोलायची सोय नव्हती. शेवटी त्याने करदोट्याची चावी सोडून शामलापुढे धरली आणि तुझ्याजवळ ठेव म्हणाला. ती घेईना.

"परवा दिलीच होती तुम्ही," ती हळू आवाजात म्हणाली. "काल मागून घेतली."

त्याला आठवेना. काल दुपारी तो ओसरीत बसला होता, एवढं त्याला पक्कं आठवत होतं. पण दुपारनंतर थेट सकाळच आठवत होती.

त्या रविवारी त्याने पहिला पेग भरायला हात पुढे केला तेव्हा बाबनरावाने पेल्यावर तळवा ठेवला.

"काय गा रामाजी, आम्ही यायच्या पहिलेच सुरू केलं का आज?"

रामाजी म्हणाला, हा पहिलाच आहे. कोणी हसलं नाही. बाबनरावाने बाटलीला झाकण लावलं आणि शामलाला ताटं वाढायला सांगितली. जाताना दाराशी थांबून त्याने कळवलं, की सुशील रामटेकला आहे, गडाखाली भाविकांच्या चपला सांभाळतो, आणि तब्येत सुधारली आहे त्याची.

रामाजीला वाटलं, हे पाहायलाच हवं. सुशील अजूनही पीत असेल, तर सगळं जागच्या जागी बसेल. दुसऱ्याच दिवशी तो निघाला. शामलाने मागून दोनदा हाक मारली, पण निघालेल्या माणसाने मागे वळू नये म्हणून तो वळला नाही. बसमध्ये समोरची बाई पाय आखडून बसली होती आणि आपल्या मुलीला जवळ ओढत होती. बाहेर वैशाखाचं ऊन होतं, रस्त्याचं डांबर मऊ झालं होतं.

सुशील फळ्यांच्या मांडणीसमोर बाकावर बसला होता. दाढी केलेली, डोळे स्वच्छ, हात स्थिर. रामाजी त्याच्या तोंडाजवळ गेला. दारूचा नाही, वेलदोड्याचाही वास नव्हता. भावाला पाहून सुशील दचकला नाही. त्याने त्याला दंडाला धरून सावलीत, रस्त्याकडे पाठ करून बसवलं आणि पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून त्याच्या ओठांना लावला. ते रामाजीला आवडलं नाही, तरी पाणी तो प्यायला.

मग सुशील उठला, मांडणीच्या सगळ्यात खालच्या फळीवरून चपलांचा एक जोड काढला, उपरण्याने त्यावरची धूळ पुसली आणि त्याच्यासमोर ठेवला.

"काल संध्याकाळी इथंच राहून गेल्या, दादा. मी मागं धावलो, पण तुम्ही थांबले नाही."

टाचेला सायकलच्या टायरचा तुकडा ठोकलेला होता. तो रामाजीनेच ठोकला होता. दोन वर्षांत आपण रामटेकची वेसही पाहिली नाही, हे त्याला ठणकावून सांगायचं होतं, आणि माझ्या चपला तर माझ्या पायांत आहेत, असंही. ते दाखवायला त्याने खाली पाहिलं.

दोन्ही तळव्यांना डांबर चिकटलं होतं, बोटांवर फोड आले होते, आणि त्याला काहीच दुखत नव्हतं.