पान चौदावरची केटुरा

केटुरा बँक्स एक्स-रे तंत्रज्ञ झाली. रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात, पान चौदावर, तसं फोटोसकट छापलेलं आहे. आपण ते वाचलंच नाही असं धरून चालू.

"हे मनगट मोडलंय की!" शेवटच्या बाकावरून केटुरा म्हणाली.

ओडेसा टॉलिव्हर बोलता बोलता थांबली. अमेरिकेतल्या टोलेडोत सव्वीस वर्षं एक्स-रेत लोकांची हाडं टिपणारी ही बाई दर फेब्रुवारीत या शाळेत येई. तो कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना; कृष्णवर्णीय मुलांना प्रोत्साहन द्यायचं रुग्णालयाला त्याच महिन्यात आठवे. हातात दरवेळी तीच फिल्म, वर चिठ्ठी : 'निरोगी मनगट'. नऊ वर्षं मुलं तिच्याकडे बघून जांभया देत आली होती.

"कुठं मोडलंय, बाळ?"

"अंगठ्याच्या मुळाशी. केसाएवढी रेघ. तुम्हाला दिसत नाही?"

ओडेसाने चष्मा चढवला. रेघ होती. कोपऱ्यात तिच्याच नावाची शिशाची अक्षरंही उमटली होती : ओ. टी.

"ज्या डॉक्टरांनी हे निरोगी ठरवलं, ते आता फ्लोरिडात मासे धरतात," ती म्हणाली. "माशांचं काही खरं नाही."

वर्ग हसला. केटुरा हसली नाही. "मला शिकवाल, मिस ओडेसा? आई म्हणते, हे लोक येतात, फोटो काढतात नि जातात."

"मीही फोटोच काढते, पोरी. पण आतले."

परत जाताच ओडेसाने केटुराच्या नावाची शिशाची अक्षरं मागवली. प्रत्येक तंत्रज्ञाची अशी जोडी असते, एक डाव्यासाठी, एक उजव्यासाठी, खाली नावाची आद्याक्षरं. ती फोटोत उमटतात. चुकलं तर कुणाला धरायचं ते कळतं. लोक नवरा उसना देतील, अक्षरं देणार नाहीत.

मार्चमध्ये प्रोत्साहन विभागाने केटुराला शिशाचा एप्रन घालून तिचा फोटो काढला. जूनमध्ये ती शाळा संपवून प्रवेशाचा अर्ज घेऊन आली. तिला बाहेर बसवून ओडेसा विभागप्रमुख क्रेगकडे गेली.

"प्रशिक्षण वर्ग जानेवारीतच बंद झाला, मिसेस टॉलिव्हर."

"मग फेब्रुवारीत मला शाळेत कशाला धाडलंत?"

"प्रशिक्षण बंद झालंय. प्रोत्साहन चालू आहे. विभाग वेगळे."

"मग त्या पोरीनं करायचं काय?"

क्रेगने प्रामाणिकपणे विचार केला. "प्रोत्साहित राहायचं."

ओडेसा बाहेर आली. काही बोलायच्या आत केटुराने अर्जाची घडी घातली.

"राहू द्या, मिस ओडेसा. तुमचा चेहरा वाचता येतो मला. तो तर साधा फोटो आहे."

आता केटुरा त्याच रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात आहे. दुपारी एक्स-रे खोलीवरून ताटांची गाडी ढकलत जाते, आत बघत नाही.

अहवाल आला त्या दिवशी ओडेसाने केटुराची शिशाची दोन अक्षरं पाकिटात घातली आणि वर अर्ज लिहिला :

'प्रति, प्रोत्साहन विभाग. पान चौदावरील मजकूर व वस्तुस्थिती यांत तफावत आढळते. अहवाल छापून झालेला असल्याने तो बदलणे शक्य नाही, याची जाणीव आहे. तरी कृपया वस्तुस्थिती दुरुस्त करून घ्यावी. सोबत : अक्षरे, एक जोडी, न वापरलेली.'