काळ्या सोंगट्या

सीताबर्डीला एका जिन्याखाली चंपतरावांचं दुकान होतं. सुटे भाग जोडून कॉम्प्युटर बनवून देणारा माणूस त्या काळी नागपुरात शोधावा लागे आणि सापडला की त्याची मर्जीही सांभाळावी लागे. अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात लतिका तिच्या वडलांना, मधुकररावांना, घेऊन त्यांच्यासमोर बसली होती. मधुकररावांनी टोपी काढून काउंटरवर ठेवली होती, म्हणजे त्यांचा मुक्काम लवकर हलणार नव्हता.

"प्रोसेसर कोणता टाकू?" चंपतरावांनी विचारलं. "नवा टू-एटी-सिक्स टाकला तं मशीन पळते. पण तुमच्या बजेटमध्ये मग कलर कार्ड बसत नाही, स्क्रीन ब्लॅक-अँड-व्हाइट राहील. कलर पाहिजे तं जुना प्रोसेसर घ्या. तो रेंगाळते. कराचं काय आहे त्याच्यावर, दुकानाची बिलं?"

"पट खेळाचा आहे," मधुकरराव म्हणाले.

चंपतरावांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

पटाचं खूळ या घराला जुनंच होतं. महाल भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांत रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की कापडी पट पसरला जाई. पिवळ्या सोंगट्या मधुकररावांच्या, काळ्या त्यांच्या बायकोच्या, मनकर्णाबाईंच्या, नवराबायको जोडीदार. लाल आणि हिरव्या दोन्ही लतिकाच्या. दोन वर्षांपूर्वी मनकर्णाबाई गेल्या. तेव्हापासून काळ्यांच्या वाट्याच्या कवड्याही मधुकररावच टाकत, पण पट मोडला नव्हता. आता मेअखेर लतिकाचं लग्न होतं, सासर रायपूरचं. आपण गेल्यावर बाबांसमोर कोण बसणार, या एका विचारानं तिला लग्नाची साडीसुद्धा धड निवडू दिली नव्हती.

ती धरमपेठेतल्या एका इन्स्टिट्यूटमध्ये प्रोग्रामिंग शिकवत असे. तिनं पटाचा प्रोग्राम लिहिला. पिवळ्या बाबा खेळतील, उरलेले तिन्ही रंग कॉम्प्युटर. पाटल्यांसाठी साठवलेला पगार त्यात घातला. त्यावर प्रयागआत्यानं सगळ्या गल्लीला सांगून झालं होतं की पाटल्या घालाच्या सोडून पोरगी डबडं घेऊन राहिली.

"बाबा, फास्टच घेऊ," लतिका म्हणाली. "जुना प्रोसेसर एकेका चालीले विचार करत बसंल. तुमाले कंटाळा येईल."

"तुही आई एका दानाचा विचार करता करता मेथीची जुडी निवडून काढे. मी कधी कंटाळलो काय? मले वाट पाहाची सवय आहे वं." मग ते चंपतरावांकडे वळले. "सगळ्या सोंगट्या सारख्या दिसल्या तं कोण कोणाची समजंल कसं? मले रंगच पाहिजे. किती रंग येतात गा याच्यात?"

"एका वेळी चार. लाल, हिरवा, पिवळा, काळा."

मधुकररावांनी बोटांवर मोजून पाहिलं. त्यांचा चेहरा असा खुलला की लतिकाचा टू-एटी-सिक्स तिथंच निकालात निघाला. "मंग झालं. आपल्याले चारच तं पाहिजे," ते म्हणाले आणि त्यांनी टोपी डोक्यावर चढवली.

लतिकानं प्रोग्राम घासून-पुसून पुरा केला. इन्स्टिट्यूटचा स्क्रीन एकरंगी, म्हणून तिथं तिनं सोंगट्यांच्या जागी अक्षरं घेऊन खेळ तपासला. काळ्यांवर तिची सगळ्यात जास्त मेहनत गेली. आई हिरवी-लाल सोंगटी सहसा मारत नसे. दान हातात असलं तरी पोरीची सोंगटी वाचवायला दुसरी वाट शोधत बसे, आणि जोडीदार म्हणून मधुकररावांची बोलणी खाई. तेही लतिकानं प्रोग्राममध्ये घातलं. काळ्यांनी आधी सगळ्या वाटा तपासायच्या आणि अगदीच इलाज नसेल तर मारायचं.

लग्नाच्या आठवड्यात मशीन घरी आलं. प्रयागआत्यानं नाक मुरडतच त्याला हळदकुंकू वाहिलं. लतिकानं फ्लॉपी घातली. काळ्या पडद्यावर पिवळ्या रेघांचा पट उमटला. लाल सोंगट्या आल्या, हिरव्या आल्या, पिवळ्या आल्या.

काळ्या कुठंच नव्हत्या. होत्या म्हणा, पण काळ्यावर काळं दिसणार कसं? कार्डाच्या चार रंगांतला काळा म्हणजे पडद्याचाच रंग. तो बदलावा तर सोंगट्याही त्याच्याबरोबर बदलणार. दुकानात बोटांवर रंग मोजून झाले होते, पण पट कापडाचा नसणार हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

लतिकाला रडू फुटलं. सगळं आईपायी केलं आणि नेमकी आईच तेवढी दिसत नव्हती.

"राहू दे," मधुकरराव म्हणाले. "लग्नघर आहे. मंग पाहू."

पण लग्नात, वरातीत, रायपूरच्या गाडीतही तिच्या डोळ्यांपुढं पटावरचं ते रिकामं घर राहिलं. उपाय सुचला तो सासरी, पोळ्या लाटताना. काळ्या सोंगट्यांना पिवळी कड काढायची, बस. पहिल्या माहेरपणाला आली तेव्हा स्टेशनवरून ती आधी धरमपेठेला गेली, प्रोग्राम दुरुस्त केला आणि नवी फ्लॉपी पर्समध्ये टाकून संध्याकाळी महालात पोचली.

दार उघडंच होतं. मधुकरराव पाठमोरे बसले होते. पडद्याच्या तळाशी काळ्यांचं दान उमटलं होतं आणि जुना प्रोसेसर त्याच्या चालीनं विचार करत होता. समोर सुपात मेथीची जुडी होती. ते सावकाश एकेक पान खुडत होते.

"घे वेळ," ते पडद्याला म्हणाले. "मले कुठं जाचं आहे?" मग घरं मोजत एका काळ्याभोर रिकाम्या घरावर त्यांनी बोट ठेवलं. "इथून नको येऊ वं मनकर्णे. पुढं पोरीची सोंगटी आहे."

थोड्या वेळानं पडद्यावरचं दान बदललं. हिरवी सोंगटी जागच्या जागी होती. मधुकरराव समाधानानं हसले आणि त्यांनी पुढची काडी उचलली.

लतिका दारातच उभी राहिली. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा तिला आई घरात आहे असं वाटलं. फ्लॉपी तिनं पर्समध्येच राहू दिली. चपला हातात घेऊन ती हळूच आत गेली आणि तिनं चहाला आधण ठेवलं.