कोऱ्या कागदावरचा शिक्का

मित्रांनो, अपघात विभागातल्या टेबलाच्या खणात पडलेला जुना रबरी शिक्का मी. लाकडी मूठ आणि तळाशी एक ओळ : ‘शुद्धीवर. बोलणे सुसंगत.’

कारागिराने माझे एकेक अक्षर उलटे, जपून कोरले. विभागात माझे कौतुक झाले. डोक्याला मार लागलेला माणूस आला की डॉक्टर त्याच्याशी बोलत, डोळ्यांवर बॅटरी मारून पाहत, हातपाय हलवायला लावत. सगळे ठीक असेल तरच मला उचलत आणि शेजारी वेळ लिहीत.

मग गर्दी वाढली आणि आळस सोकावला. सकाळीच कोऱ्या केसपेपरांचा गठ्ठा घेऊन माझे ठसे धपाधप उठवू लागले. पेशंट अजून घरी दात घासतोय आणि इकडे तो शुद्धीवर! संताप येणार नाही तर काय?

एकदा सकाळी शिडीवरून पडलेला रंगारी आला. डोक्याच्या जखमेला टाके घातले. बाकीचे कागदावर होतेच. दुपारी त्याची बायको टेबलाशी आली.

“सिस्टर, हे सारखं एकच विचारतायत, शिडी कुठाय, शिडी कुठाय.”

“अहो ताई, पेपरवर सगळं ठीक आहे. झोपू द्या त्यांना.”

“डोकं पेपरचं फुटलंय की माझ्या नवऱ्याचं?”

पाळीवर नुकत्याच आलेल्या डॉक्टरबाईंनी हे ऐकले. त्यांनी पेपर पाहिला. आला तेव्हा खरेच नीट बोलत होता? की तेव्हापासूनच बरळत होता? बिघडतोय कधीपासून? वेळसुद्धा लिहिलेली नव्हती. त्यांनी त्याला बोटे आवळायला सांगितली. उजव्या हाताची बोटे मिटेनात. तातडीने डोक्याचा स्कॅन केला. आत रक्त साकळले होते. ऑपरेशन झाले, जीव वाचला. पण त्या हाताला पुन्हा ब्रश धरता आला नाही. “सकाळी कोणी बोलून पाहिलं असतं, तर कदाचित हातही वाचला असता,” बाई म्हणाल्या.

नंतर बैठक झाली आणि दोष आला माझ्यावर! “शिक्का जुना झालाय,” म्हणे. चोर सोडून संन्याशाला फाशी! मला खणात फेकले आणि नवा मागवला. त्याचीही रोज सकाळी धपाधप चालू आहे.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्यापैकी कोणी डॉक्टर, कोणी सिस्टर होईल. माणूस पाहा, मग लिहा, आणि वेळ टाका. जे पाहिले नाही, ती जागा कोरी सोडा. कोरी जागा दिसली तर पुढचा डॉक्टर निदान पेशंटकडे तरी वळेल.