एकोणऐंशी अंगठे

रंजीतानं बुधरीबाईचा अंगठा ओढणीनं पुसला आणि रेशनच्या मशीनवर टेकवला. लाल दिवा लागला. पुन्हा टेकवला, पुन्हा लाल. जन्मभर बांबू सोलता सोलता, तेंदूपानांच्या पुड्या बांधता बांधता त्या अंगठ्यावरच्या रेषा केव्हाच जंगलात सांडून गेल्या होत्या.

"वहीत घे इचा," दुकानदार प्रफुल्ल आतून म्हणाला. "सगळ्यायचेच घे आज. मशीनचा भरोसा नाई."

वही नवी होती. वरचं अर्धं पान पेपरनं झाकून रबर लावलेलं. रंजीता अंगठा शाईच्या गादीवर दाबायची, वहीवर उमटवायची, बाजूला नाव लिहायची. म्हाताऱ्यांचे हात तिच्या हातात निमूट येत. ब्रह्मपुरीच्या वसतिगृहात राहून बारावी झालेली आपल्याच गावची पोर. तिच्याजवळ हात द्यायला भीती कशाची?

दुपारी पंख्याच्या वाऱ्यानं पेपर फाटला. तिनं खालचं वाचलं. गावाच्या सामूहिक हक्काच्या जंगलातून खदानीचा रस्ता नेण्यास ग्रामसभेची संमती. त्याखाली बासष्ट अंगठे. नावं सगळी तिच्या अक्षरात.

तिनं वही आत नेऊन प्रफुल्लसमोर धरली.

"भाऊ, हे काय होय?"

"वाचलं काय? शिक्षण कामी आलं मनजे." प्रफुल्लच्या गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा होता. "मंगळवारी ग्रामसभेले साहेब येऊन राह्यले. तिथी दिवसभर बोंबलण्यापेक्षा इथीच झालं तं काय बिघडलं? लोकशाहीच होय ना बाई. एकूण एक माणसाले विचारलं आपण."

"विचारलं कुठी?"

"तांदूळ घेतला ना त्याईनं?" तो पोत्यांच्या कोपऱ्यात पचकन थुंकला. लाल ओघळ बारदानावरून खाली आला. "तुले पगार पाह्यजे का नाई? घरी तू एकटीच कमावून राह्यली. लाइन पाय, लाइन."

रंजीतानं लाइनकडे पाहिलं. पुढं चैतू उभा होता, पिशवीचं तोंड उघडून धरलेला. तिनं त्याचा अंगठा हातात घेतला.

संध्याकाळी ती राखेनं हात घासत बसली. शाई गेली, कातडी सोलली, तरी उठली नाही.

मंगळवारी मोहाच्या झाडाखाली सभा भरली. या गावात हात वर करून मोजत नाहीत. गोष्ट गोल फिरते, ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं सांगायचं, आणि एकानं जरी नाई म्हटलं तर ती गोष्ट त्या दिवशी पुढं जात नाही. साहेबांना एवढा वेळ नव्हता. त्यांनी वही उंच धरली.

"एकोणऐंशी जणांची संमती आलेली आहे. चर्चेची आवश्यकता नाही."

बुधरीबाईनं आपला अंगठा उलटसुलट करून पाहिला.

"अंगठा माहा होय. पण मी तं तांदळासाठी देल्ला."

"बुढी विसरते," प्रफुल्ल म्हणाला. दोघंचौघं हसले.

रंजीता उठली.

"विसरली नाई ते. मीच धरला तिचा अंगठा. वर लिहिलेलं झाकलं होतं." तिचा आवाज खाली गेला. "मंग मले समजलं. समजल्यावरबी सतरा जणायचे घेतले."

"उद्यापासून दुकानात पाय ठेवू नको," प्रफुल्ल तिथूनच ओरडला.

पिण्याच्या पाण्यात कुजलेलं काही तरंगताना दिसावं, तसं चैतूनं तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. शेजारच्या बाया जराशा सरकून बसल्या.

मग गोष्ट गोल फिरू लागली. साहेब दोनदा घड्याळ पाहून उभे राहिले, दोनदा बसले. नाई. नाई. कोणी हळू, कोणी खाकरून, पण प्रत्येकाच्या तोंडून. सावली मोहाच्या बुंध्यावरून पार पलीकडे गेली.

नकाराचा ठराव लिहायचा म्हटल्यावर पेन फिरत फिरत रंजीताकडेच आलं. तिनं लिहिलं. शाईची गादी उघडली आणि सवयीनं बुधरीबाईच्या हाताकडे हात नेला.

बुधरीबाईनं हात पदराखाली घेतला.

"आधी वाचून दाखव."

रंजीतानं वाचलं.

"आखीन एकडाव."

तिनं पुन्हा वाचलं, शब्द शब्द सुटा करून. बुधरीबाईनं आपला अंगठा आपणच शाईत बुडवला, वहीवर दाबला, आणि उठून न जाता पुढच्यांचं वाचनही ऐकायला तिथंच बसली.

चैतू पुढं आला. त्याचेही हात पाठीमागेच होते.