आरतीचा पगार आन् संगप्पाची भज्जी

संगप्पा आमच्या कोपीत वाकून शिरला तवा त्याच्या पोटात आधीच तीन शेतांतली भज्जी होती. भूक न्हवतीच त्याला. त्याला आमच्या आरतीचा पगार पाहिजे होता.

येळवसचा दिस. आमच्या चाकुराकडं मार्गशीर्षातल्या ह्या अवसंला गाव ओस पडतं आन् शिवार भरून वाहतं. वावरात कडब्याची कोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे, आन् मग पालेभाज्या-दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील घेऊन बसायचं. वाटंनं जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं. वैरी आला तरी वाढायचं, आन् पातरावरच्या माणसाला वावगं बोलायचं न्हाई. त्यानंबी वाढलेलं टाकून उठायचं न्हाई. ह्याच कायद्याच्या आडून संगप्पा वर्षाचे सगळे सवाल एका दिवसात उरकतो. माणूस वाईट न्हाई हो. कुणाचं म्हातारं पडलं तर पहिला धावतो. पण कुणाला किती मिळतंय हे कळल्याबिगर त्याच्या जिवाला चैन न्हाई.

आरती माझी भाची, धाकट्या भावाची, रामकिशनची लेक. दिवाळीच्या आधी लातुरात रक्त तपासायच्या लॅबमधी लागली. पगार किती? तुम्हालाबी सांगणार न्हाई मी. एवढंच सांगते, ऐकून रामकिशनचं तोंड कारलं खाल्ल्यावानी झालतं. सकाळी आंबिलीची बिंदगी डोक्यावर घेऊन वावराकडं निघालो, तवाच त्यानं पोरीला बजावलं, "आरते, आकडा गावात फुटला आन् पारावर माझं हसं झालं, तर चैत्रात हळद लावून मोकळा होतो. लातूर बंद."

पोरगी नुसतं "हाव दादा" म्हणली. लई जीव हाय तिचा त्या कामावर. तिच्या हातानं सुई टोचली तर लेकरूबी रडत न्हाई म्हणं.

तर संगप्पा बसला. मांडी घातली, मिशीवरून हात फिरवला आन् पहिल्याच घासाला इचारलं, "काय आरती, लातुरात बरं चाललंय नव्हं? पगार किती देऊन राहिलेत?"

माझं टाळकं सणकलं. हातात पळी होती. पण येळवस!

आरती हसली. "भागतंय बघा काका. उंडा घ्या की." आन् टाकला उंडा पातरावर.

"भागतंय म्हंजी? खोलीचं भाडं जाऊन, का भाड्यासकट?"

"भाडं जातंय, डबा जातोय, आन् येळवसला गावाकडं यायलाबी जमतंय. अजून काय पाहिजे काका? भज्जी वाढ गं आई, काकाची संपली."

संपली कुठली! डोंगर होता पुढं. पण माझी भावजय सिंधु काय कमी हाय व्हय? तिनं डाव बरोबर ओळखला आन् डोंगरावर डोंगर चढवला. शेजारच्या वावरातून केवळाबाई आन् तिच्या सुना आल्या होत्या, त्या पदर तोंडात कोंबून खुदुखुदु हसायल्या.

संगप्पा हटंना. "बरं, आकडा नको सांगू. दहाच्या आत का बाहेर?"

"काका, तुम्ही एवढी काळजी करता, हेच लई हाय बघा मला. आत्या, काकाला खीर."

मी खीर वाढली. वाढली कसली, ओतली!

"हातात देतात का बँकेत?"

"येळंवर देतात काका. आंबील?"

"आगं, झाकून काय ठेवायलीस? मी परका हाय व्हय?"

मला ऱ्हावलं न्हाई. "संगप्पा, झाकली मूठ सव्वा लाखाची!"

संगप्पाचे डोळे बशीएवढे झाले. "सव्वा लाख? वर्षाला का महिन्याला?"

केवळाबाईची धाकटी सून हसून हसून कडब्यावर आडवी झाली. कोप डुगडुगली. पांडव पडतेत का काय असं वाटलं मला. आरतीचाबी धीर सुटला, ती तोंड फिरवून हसायली, पण हातातला तांब्या सोडला न्हाई. हसत हसतच भरला संगप्पाचा गिलास.

आता संगप्पाची गत बघण्यासारखी झालती. पायजम्याची नाडी ढिली केली. कपाळाला घाम. आंबिलीनं डोळे जड. घास उचलायचा, तोंडापातुर न्यायचा, थांबायचा, सुस्कारा टाकायचा. टाकून उठावं तर अन्नाचा अपमान, बसावं तर सिंधुची पळी. तरीबी गडी सवाल सोडंना.

शेवटी त्यानं ओळखलं, ही पोरगी गोड बोलून गाडायली आपल्याला. तसा तो वळला रामकिशनकडं. "जाऊ दे, लेकरू हाय ते. तू बाप हायस. तुला ठावं हाय. सांग मर्दा, किती पडतोय पोरीला?"

केवळाबाई हसणं सोडून पुढं सरकून बसली.

रामकिशनला खोटं बोलता येत न्हाई. ल्हानपणापासून न्हाई. खोटं बोलायला गेला की कानाच्या पाळ्या लाल होतेत. खरं बोलला तर आज सांजपातुर पारावर हसं, आन् चैत्रात हळद. आरती तांब्या छातीशी धरून हुबी. सगळं गोड बोलणं तिथंच सरलं तिचं. बापापुढं काय वाढणार?

रामकिशननं लेकीकडं बघितलं. मग हात पुसले आन् म्हणला, "संगप्पा, माझ्या सोयाबीनच्या राशीला माप कुणाच्या हातात होतं?"

"माझ्या. का?"

"पहिलं माप टाकताना काय म्हणलास?"

"काय म्हंजी? लाभ म्हणलो."

"एक का न्हाई म्हणलास?"

"आरं येडा का खुळा? पहिल्या मापाला एक म्हणतेत व्हय कुणी? बरकत जाती. लाभच म्हणायचं आसतंय."

"मग?" रामकिशन म्हणला. "माझ्या लेकीचं पहिलंच माप हाय रं ते. आकडा कसा सांगू? लाभ हाय. लाभ."

आन् कानाच्या पाळ्या बघितल्या मी त्याच्या. जशाच्या तशा!

संगप्पाबी शेतकरीच हाय. राशीपुढं त्याचीबी जीभ चालत न्हाई. त्यानं दोन्ही हात कपाळाला लावले, "लाभ, बाबा, लाभ," म्हणला आन् उरलेला उंडा गपगुमान गिळला. उठताना त्याला दोघांनी धरून उठवावं लागलं. बांध ओलांडायलाबी त्याला दोनदा बसावं लागलं, आन् आमची पोरं त्याच्या मागं "लाभ! लाभ!" वरडत पळाली.

आरती भांडी गोळा करायच्या निमित्तानं कोपीमागं गेली आन् भडाभडा रडली. मी गेली न्हाई मागं. आनंदाचं रडू हाय, रडू द्यावं.

मी रामकिशनला गाठलं. "काय रं, मग चैत्रातल्या हळदीचं काय?"

तो माझ्यावरच डाफरला, "आक्के, पोरीची मापं चालू हायत न्हवं? मधी बोलून मोजणी मोडू नगंस."