पायाळूची मान

मालन पायाळू होती, म्हणजे आईच्या पोटातून पायांकडून आलेली. अशा माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते, हे घाटकोपरच्या त्या अख्ख्या चाळीला ठाऊक होतं. सदुसष्ट साल उजाडलं होतं, नाक्यावर शिकलेला डॉक्टर बसत होता. तरी कंबर धरली की लोक मालनच्याच दारात येऊन पालथे पडत. ती डावा पाय तीनदा लावी. माणूस उठून कपडे झटकी आणि आपल्या घरी जाई.

नवरा वारल्याला आठ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दिवसभर मुलुंडच्या कारखान्यात मान खाली घालून औषधाच्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या, आणि आठवड्यातून दोनदा अर्धशिशी. उजवा डोळा आतून कुणी ओढतंय असं वाटे. दार लोटून ती अंधारात ओकत पडे, आणि बाहेरून कुणीतरी विचारी, "मालनबाय, पाय लावतेस ना जरा?"

शेवटी ती काशीराम हाडवैद्यांकडे गेली. त्यांनी मानेचे मणके एकेक चाचपले आणि हनुवटी धरून हिसका दिला. कडकन आवाज झाला, डोळ्यामागचा ठणका उतरला. मालनला रडूच आलं. आठ वर्षांत तिच्या अंगाला कुणी मायेने हात लावला नव्हता.

"एका हिसक्याने भागायचं नाही, बाई," काशीराम म्हणाले. "रोज संध्याकाळी घरच्या कुणीतरी इथे, कवटीच्या बुडाशी, अंगठे दाबायचे. पाच मिनिटं. आपलं आपल्याला जमत नाही ते. रविवारी कुणाला तरी आणा, शिकवतो."

घरचं कोण आणणार? तिने शेजारच्या शकुला विचारलं. शकुची पाठ तिने निदान दहा वेळा सोडवली होती. शकु ऐकूनच मागे सरकली.

"नको गं! पायाळूची हाडं दाबली की तिचा गुण जातो म्हणतात. मग आमच्या पाठींचं काय?"

असं कोण म्हणतं, ते शकुला सांगता येईना. पण दुसऱ्या दिवशी खालच्या पद्मजाने तेच ऐकवलं, वरच्या जयानेही. माणसं वाईट नव्हती हो. त्यांना मालनचा पाय हवा होता, उरलेल्या मालनचं काय करायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं.

मग मालनने डोकं चालवलं. सोमवारी शकुचा नवरा लवू दारात पालथा पडला, तेव्हा तिने पाय उचललाच नाही.

"ऊठ रे लवू. माझा गुण गेला. हाडवैद्याने मानेला हात घातला, तेव्हाच गेला."

"वाट लागली!" म्हणत लवू कंबर धरून कसाबसा उठला.

थाप होती ती. गुणच उरला नाही तर तो जायची भीती कुणाला? आता शकु मोकळ्या मनाने येईल, असा तिचा साधा हिशेब होता. बातमी तासाभरात चाळभर झाली. बायका हळहळल्या आणि आपापल्या चुलीकडे वळल्या. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय.

तरी आठवडाभर मालन कामावरून आली की दार सताड उघडं ठेवी, अंबाडा वर बांधी, कोमट खोबरेलाची वाटी शेजारी घेई आणि दाराकडे पाठ करून बसे. येणारीला संकोच वाटू नये म्हणून मागे वळून बघतही नसे. शनिवारी पावलं उंबऱ्याशी थांबली. मालनने डोळे मिटले आणि मान पुढे झुकवली.

"मालन," शकु म्हणाली, "दुसरी कुणी पायाळू ठाऊक आहे का गं तुला? यांची कंबर अजून धरलेलीच आहे."